पट्टीतली बाई

आमच्या गावात नळाला रोज पाणी यायच्या आधी जपानी भाषा आली, असं लोक थट्टेनं म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. गाव म्हणजे पारनेर तालुक्यातलं हिंगणटाकळी. शेजारच्या माळावर जपानी कारखाने उभे राहिले, तेव्हा आमच्या शाळेचे अध्यक्ष बन्सीनाना झावरे यांच्या मनात आलं, की पोरांना जपानी आली तर ती गेटवर चौकीदार म्हणून उभी राहणार नाहीत, आत साहेब होऊन बसतील. गावची एकच मुलगी तेव्हा पुण्यात जपानी दुभाष्याचं काम करत होती. ती मी, कुंदा औटी. नानांनी मला गोडीगुलाबीनं माघारी आणलं आणि आठवी ते दहावीचे वर्ग माझ्या गळ्यात मारले. तेव्हापासून मी इथंच आहे. माझं तोंड फाटकं आहे, त्यामुळे मुलंच काय, शिक्षकही मला जरा वचकून असतात.

भाषेबरोबर मी एक रीतही आणली. जपानमधल्या शाळांत वर्ग मुलंच झाडतात आणि पुसतात, शिक्षकसुद्धा त्यांच्याबरोबर. ओलं फडकं दोन्ही तळव्यांखाली धरायचं, कंबरेत वाकायचं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जायचं. माझ्या वर्गात शेवटची घंटा झाली की रोज हे चालायचं. पहिल्याच महिन्यात पालक चाल करून आले. "बाई, आमचा पोरगा घरी पाण्याचा तांब्या उचलत नाही, अन् तुम्ही त्याला फरशी पुसायला लावता?" मी म्हटलं, "उचलत नाही म्हणूनच लावते." विषय तिथं संपला.

शर्वाणी पठारे आठवीत आली तेव्हा महिनाभर मला वाटलं, ही मुलगी मुकीच आहे. मुकी नव्हती, अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर येऊन अडायचं, मग ती डोळे मिटायची, मान किंचित खाली घालायची आणि अक्षर सुटेपर्यंत थांबायची. तेवढ्या वेळात कुणीतरी तिचं वाक्य पुरं करून टाकायचं. ते तिला अजिबात आवडत नसे. जपानीच का घेतलीस, असं मी तिला एकदा विचारलं.

"तिथं स... सगळेच अडखळतात, बाई," ती म्हणाली.

हे उत्तर ऐकून मी त्या दिवशी कुणावर ओरडले नाही.

दहावीपर्यंत शर्वाणी माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांच्या पुढे गेली. चित्रासारखी ती अवघड अक्षरं ती भाकरीच्या पिठावर बोटानं गिरवायची, असं तिची आई अलका सांगायची. अलकाची फाट्यावर खानावळ आहे, कारखान्यातले कामगार तिथं जेवतात. एकदा एक जपानी इंजिनिअर जेवायला आला होता. पिठल्यात काय काय घालतात, ते शर्वाणीनं त्याला सांगितलं. मध्ये चार वेळा अडली, पण तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिठलंच मागायला आला.

आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर भाषापट्टी आली.

पट्टी म्हणजे कपाळाला बांधायचा बोटभर रुंदीचा मऊ पट्टा. एका कंपनीनं ती तालुक्यातल्या शाळांना प्रयोगासाठी फुकट दिली होती. कंपनीचा माणूस आला तेव्हा मी त्याला भरपूर प्रश्न विचारले, त्यामुळे मला जे कळलं ते सांगते. भाषा म्हणजे डोक्यात शब्दांची कोठी भरून ठेवलेली नसते. बोलताना जीभ, कान, श्वास आणि विचार यांचा मेळ घालणाऱ्या असंख्य पायवाटा मेंदूत असतात, आणि जी वाट जास्त तुडवली जाते ती रुळते. सायकल येणं म्हणजे जसं पुस्तक पाठ असणं नव्हे, तसंच हे. माणूस दिवसभर जे शिकतो, ते झोपेत मेंदू पुन्हा चालून पाहतो आणि वाट पक्की करतो. कंपनीनं टोकियोतल्या एका बाईचा मेंदू ती बोलत असताना महिनोन्महिने टिपला आणि तिच्या वाटांचा नकाशा काढला. मुलगा झोपला की पट्टी त्या नकाशाप्रमाणे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचे बारीक ठोके देते, आणि मेंदूला वाटतं, या वाटांनी आपण रोजच जातो. दोन आठवड्यांत माणूस त्या भाषेत बोलायला लागतो. पी हळद अन् हो गोरी!

दोन गोष्टी मात्र त्या माणसानं हळू आवाजात सांगितल्या. एक म्हणजे एका भाषेला बाई एकच. दोघातिघांचे नकाशे एकत्र केले तेव्हा शिकणाऱ्यांच्या वाटांचा गुंता झाला, म्हणून सगळ्या जगाला तीच. आणि दुसरं, ज्याला ती भाषा आधी थोडीफार येते, त्याच्या जुन्या वाटा पट्टी आधी मोडून काढते. पेरणीआधी रान सपाट करतात तसं. जे स्वतः शिकलात, ते पुसलं जाणार.

माझ्या वर्गानं पट्टी लावली. का लावू नये? वैभव लंके हा आमचा कबड्डीचा गडी, तीन वर्षांत त्याला स्वतःची ओळख धड करून देता येत नव्हती. दोन आठवड्यांनी तो झऱ्यासारखा बोलायला लागला. फक्त जपानीत बोलताना मान जराशी कलती करायचा, आणि हसू आलं की तोंडावर नाजूकपणे हात घ्यायचा. कारण पट्टीतली बाई तसं करायची. एकट्या वैभवचं नाही, सगळ्यांचं तेच. पोरं ओट्यावर बसून म्हणायची, "अरे, ही कुणाची सून रे?" मराठीत बोलताना वैभव होता तस्सा रांगडा, त्यानं लगेच त्यांना शिव्या हासडल्या. पण जपानीत आला की पुन्हा सूनबाई.

गंमत होती, पण माझा तास गेला. नाना ओशाळून म्हणाले, "कुंदाताई, तुम्ही आता मुलांना इतिहास शिकवा. जपानीचा वर्ग मार्चपर्यंत नावाला ठेवू." तास नाही, त्यामुळे वर्ग पुसणंही बंद पडलं आणि झाडलोट शिपायाकडे गेली. घंटा झाल्यावर आता दोघीच उरायचो. शर्वाणी आणि मी. ती पूर्वेच्या भिंतीपासून, मी पश्चिमेच्या. माझी कंबर कुरकुरायची, पण तिच्यासमोर थांबायची सोय नव्हती.

तिनं पट्टी लावली नव्हती. सगळे अडखळतात म्हणून ज्या वर्गात ती आली होती, तिथं आता अडखळणारी ती एकटीच राहिली होती.

जानेवारीत बातमी आली, की नागानोच्या डोंगरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका मोरिशिता बाई आमच्या शाळेला भेट द्यायला येणार आहेत. त्यांच्या गावात बर्फ भरपूर आणि मुलं कमी. म्हणून दहावी झालेला एक विद्यार्थी त्या इथून पुढच्या तीन वर्षांच्या शिक्षणासाठी नेणार होत्या. राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांच्याकडे. जागा एकच.

दुसऱ्या दिवशी दुपारीच अलका खानावळ बंद करून शाळेत आली. हाताला पीठ तसंच होतं.

"बाई, तुमचं ती ऐकते. तिला पट्टी लावायला सांगा. कंपनीचा माणूस म्हणला, पट्टीतली बाई अडखळत नाही, तर शर्वाणी पण जपानीत अडखळणार नाही. खरंय का?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"मग? लेकीनं एकदा तरी न थांबता बोललेलं मला ऐकायचंय. मला कळलं नाही तरी चालेल."

शर्वाणीची जपानी ही माझी सगळ्यात मोठी कमाई होती, आणि ती पुसायला मीच सांगायचं होतं. पण एका मुलीच्या आयुष्यापुढे मास्तरणीची कमाई किती? मी शर्वाणीला बोलावलं आणि मनापासून सांगितलं, की पट्टी लाव. जागा एक आहे. मुलाखतीत तू नावाशीच अडलीस, तर पुढचं कोण ऐकणार? तिथं गेल्यावर काय हवं ते कर.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "प... पट्टी लावल्यावर जपानला कोण जाईल, बाई?"

"तू जाशील."

"नाही. ती ब... बाई जाईल. मी नुसती तिला घ... घेऊन जाईन."

अलका चिडली. "काय खुळ्यासारखं बोलतीस? जीभ तुझीच ना?"

शर्वाणी आईकडे वळली. डोळे मिटले, थांबली. आम्ही दोघीही थांबलो. "आई, मराठीत मी अशीच राहणार. पट्टी फ... फक्त जपानीपुरती. म्हणजे तिथं सगळे त... तिला ओळखणार. तुझ्याशी फोनवर बोलणारी म... मुलगी तिथं कुणाला ठाऊकच नसणार. मला ते नको. चुकलं तर म... माझं चुकू दे."

"हातातोंडाशी आलेला घास घालवतीस तू," अलका म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. गालाला पीठ लागलं होतं. त्यानंतर मायलेकींचं बोलणं बंद झालं. खानावळीत एक भाकरी थापायची, दुसरी भाजायची, आणि मध्ये शब्द नाही. अलका माझ्याशीही बोलेना. मी तिच्याच बाजूनं बोलले होते, हे ती विसरून गेली होती. मी आठवण करून दिली नाही, कारण माझं मन केव्हाच शर्वाणीच्या बाजूला गेलं होतं.

पाहुण्या येणार म्हणून नानांनी शाळेचं पार लग्नघर करून टाकलं. दारात तुतारी, मोठी रांगोळी, आणि वर्गात शिरताना पाहुण्यांच्या अंगावर झेंडूच्या पाकळ्या. मोरिशिता बाई साठीच्या, बुटक्या, काटक, केस कापलेल्या. नानांनी बांधलेल्या फेट्यात त्या हसऱ्या दिसत होत्या. पाकळ्यांवर पाय पडू नये म्हणून मात्र त्या उड्या मारत खुर्चीपर्यंत गेल्या. माझ्या जुन्या वर्गातच मुलाखती होत्या. पालक मागच्या बाकांवर बसले होते, अलकाही होती. पट्टीवाली मुलं एकेक करून पुढे गेली.

पहिल्या मुलीनं मान कलती केली आणि म्हणाली, "आज वारा किती छान सुटलाय, नाही का?" मोरिशिता बाईंनी आनंदानं मान डोलावली. दुसराही मान कलती करून म्हणाला, "आज वारा किती छान सुटलाय, नाही का?" बाहेर काडी हलत नव्हती. त्यांनी पुन्हा मान डोलावली. वैभवही वाऱ्याबद्दलच बोलला आणि मग तोंडावर हात घेऊन हसला. मोरिशिता बाई अतिशय सभ्यपणे ऐकत होत्या, पण त्यांचं मान डोलावणं प्रत्येक मुलागणिक लहान होत चाललं होतं. नानांना जपानी कळत नव्हती, ते मात्र खूश होते. "बघा, कसं तुपासारखं बोलतायत!"

शर्वाणी शेवटची. ती पुढे गेली, नीट वाकून नमस्कार केला आणि स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं.

नाव आलं नाही.

डोळे मिटले, मान खाली. मी मनात म्हणत होते, थांब, घाई करू नकोस, येईल. मागच्या बाकावर अलकानं पदर तोंडाशी धरला होता. शेवटी नानांना राहवलं नाही. त्यांचा जीव चांगला आहे, पण धीर नाही. "बस, बाळ, बस खाली. कुंदाताई, पोरीचा घसा बसलाय म्हणून सांगा त्यांना."

मी सांगितलं नाही. आणि तेवढ्यात शेवटची घंटा झाली.

शर्वाणीनं डोळे उघडले आणि वळली. मला वाटलं, आता ही रडत बाहेर पळणार. ती कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली, फडकं काढलं, बादलीत बुडवून पिळलं आणि पूर्वेच्या भिंतीशी जाऊन वाकली. तिचा काही डाव नव्हता. घंटा झाली की वर्ग पुसायचा, पाहुणे असोत की नसोत, एवढंच तिला ठाऊक होतं. झेंडूच्या पाकळ्या पुढे ढकलत ती पळत या भिंतीला आली.

"अगं, हे काय आरंभलंस!" नाना उठले. "शिपायाला बोलवा!"

मोरिशिता बाईंनी फेटा काढून जपून टेबलावर ठेवला. कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि माझ्याकडे बघून जपानीत विचारलं, "आणखी एक फडकं मिळेल का?"

"अहो, पाहुण्याबाईंच्या हातात फडकं!" नाना डोक्याला हात लावून खाली बसले. मी फडकं पिळून दिलं.

दोघी शेजारीशेजारी वाकल्या आणि पळाल्या. साठीची बाई शर्वाणीच्या आधी भिंतीला पोचली आणि लहान मुलीसारखी खुदकन हसली. मग त्या काहीतरी विचारू लागल्या आणि शर्वाणी उत्तरं देऊ लागली. अडत होती, नाही असं नाही. अडली की फडकं थांबायचं. मोरिशिता बाईही थांबायच्या, तळवे फरशीवर तसेच, आणि शब्द आला की दोघी पुढे निघायच्या. कुणी तिचं वाक्य पुरं केलं नाही. तिनं नाव सांगितलं. पिठावर गिरवलेली अक्षरं सांगितली. पिठल्याचा इंजिनिअर सांगितला. आमच्या घाटातले मोर पावसाळ्यात कसे ओरडतात तेही सांगितलं.

अर्धा वर्ग पुसून झाल्यावर मोरिशिता बाई तिथंच फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी अनेक देशांत जाते. आता सगळीकडे मला एकच बाई भेटते. फार गोड बाई आहे ती. तिला नेहमी वाऱ्याचं कौतुक असतं. आमच्या शाळेत परदेशातून आलेली मुलं आहेत, त्या सगळ्यांत तीच बसली आहे. तुझ्या बोलण्यात मात्र मला वेगळंच माणूस ऐकू येतं. वाक्याच्या शेवटी तू आवाज असा वर उडवतेस, तो टोकियोचा नाही, आमच्या डोंगरातला तर नाहीच. कुठून आणलास?"

शर्वाणीनं फडक्याच्याच हातानं माझ्याकडे बोट दाखवलं.

पुण्यात शिकताना या हेलापायी माझे शिक्षक हैराण झाले होते. पारनेरचा हेल आहे तो, बाजारात भाव विचारताना लागतो तसा. मी तो आयुष्यभर लपवत आले, आणि तो माझ्या नकळत हिच्या जिभेवर जाऊन बसला होता. म्हणजे शर्वाणीच्या जपानीतही एक बाई होतीच. ती मी होते. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की उगाच कशाला लपवू, मी हमसाहमशी रडले. वर्गातल्या पोरांनी मला रडताना पाहिल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

एवढ्यात वैभवनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कपाटातून फडकं घेतलं. "सरका, बाई, तुमच्यानं नाही व्हायचं," तो मला अस्सल पारनेरीत म्हणाला. त्याच्यामागे बाकीचेही उठले. पट्टीनं त्यांची शिकलेली जपानी पुसली होती, पण फरशी कशी पुसायची ते काही पुसलं गेलं नव्हतं. नानासुद्धा शेवटी खुर्च्या उचलायला लागले.

निघताना मोरिशिता बाईंनी अलकाचे दोन्ही हात धरले आणि मला भाषांतर करायला सांगितलं. "तुमची मुलगी आमच्याकडे द्या. आमची मुलं फार घाई करतात. त्यांना थांबायला कुणीतरी शिकवायला हवं." अलकानं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती शर्वाणीजवळ गेली आणि इतक्या दिवसांचं मौन मोडून एवढंच म्हणाली, "चल, दोन घास खाऊन घे."

जूनमध्ये माझा जपानीचा तास पुन्हा सुरू झाला. नाना म्हणाले, "कुंदाताई, इतिहास राहू द्या, तो कुठं पळून जात नाही." वैभव आता कारखान्यात लागलाय. तिथंही तो तोंडावर हात घेऊन हसतो, आणि साहेबांना ते फार आवडतं. ज्याचं त्याचं बरं चाललंय.

नागानोहून शर्वाणीचे फोन येत राहिले. तिथं मुलांनी तिला मराठी शिकवायला सांगितलंय, असं ती म्हणाली होती. मराठीची पट्टी अजून कुणी काढलेली नाही, त्यामुळे ती एकटीच त्यांची मास्तरीण. परवा रविवारी अलकानं मला खानावळीत बोलावलं. फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला होता, समोर कामगार जेवत होते. पडद्यावर तिचा वर्ग दिसला. खिडकीबाहेर बर्फ, आत दहा-बारा जपानी मुलं ओळीनं उभी, आणि मधोमध आमची शर्वाणी, गाल लालबुंद झालेले.

मुलांनी एकदम वाकून नमस्कार केला. मग सगळ्यांनी मिळून डोळे मिटले, मान किंचित खाली घातली. मुलं थांबली आणि म्हणाली,

"न... नमस्कार, काकू. ज... जेवलात का?"

वाक्याच्या शेवटी आवाज पारनेरच्या बाजारातल्यासारखा वर उडाला.

खानावळीत जेवणाऱ्यांचे हात थांबले. अलकाचा चेहरा पडला. तिला वाटलं, पोरं लेकीची टिंगल करतायत. पण मुलं गंभीर होती, धडा नीट म्हणून दाखवताना असतात तशी. शर्वाणी मात्र हसून बेजार झाली होती.

"आई, मी त्यांना स... सांगितलं, की असं थांबायचं नसतं. ते म्हणतात, आमच्या ब... बाई तर असंच म्हणतात. मराठी अशीच अ... असते."

अलका आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. मी शेजारीच बसले होते, तिनं माझा हात घट्ट धरला. चुका दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे आणि मी तोंड उघडलेलंही होतं.

"बाई," अलका म्हणाली, "नका दुरुस्त करू. राहू द्या तसंच." मग पडद्याकडे बघून तिनं डोळे पुसले आणि मोठ्यांदा उत्तर दिलं, "नाही अजून. तुम्ही जेवलात का, पोरांनो?"

पलीकडे ती सगळी मुलं डोळे मिटून उत्तराचं पहिलं अक्षर सुटायची वाट बघत थांबली. आम्हीही थांबलो.